ताडकळसच्या कासारासाठी दोन चाकं

पुण्याहून मोगलाईत निघालेला माणूस सोबत दशम्या, लसणाची चटणी आणि नातेवाइकांचे निरोप घेऊन निघतो. मी निघालो तेव्हा माझ्या दोन्ही खांद्यांवर सायकलीचं एकेक मागचं चाक होतं, आणि डब्यात हललो की ते कुणाच्या ना कुणाच्या डोक्याला लागत होतं. मनमाडला गाडी बदलताना एका बाईंनी विचारलं, "बाकीची सायकल कुठं हरवली?" मी म्हणालो, "ती आधीच पुढं गेलीय. मी मागून चाललोय." बाईंना ते पटलं. मला मात्र पुढं पूर्ण्यापर्यंत झोप आली नाही, कारण चाकं ठेवायला जागा नव्हती आणि ती सोडून झोपायला जीव होत नव्हता.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. दसरा होऊन गेला होता, दिवाळी तोंडावर होती. पुण्यात माझं सायकलींचं दुकान आहे. माझी थोरली बहीण, आक्का, लहानपणीच परभणीकडं ताडकळसला दिली. तिचे यजमान गंगाराम, आमचे दाजी, हे कासार. कासार म्हणजे गावोगाव फिरून बायकांच्या हातात बांगड्या भरणारा माणूस. इतकी वर्षं त्यांची फेरी चिमणी नावाच्या घोडीवर चालली होती. दोन बाजूंना बांगड्यांचे दोन पेटारे, मधे दाजी. श्रावणात चिमणी गेली. दाजींचा गुडघा दुखरा, पायी फेरी होणं शक्य नाही. त्यात पूर्ण्याला स्टेशनाजवळ एका ओळखीच्या माणसानं बांगड्यांच्या दुकानात भागी देऊ केली. आक्काला ते पसंत पडलं. सावलीत बसणं, गिऱ्हाईक आपल्या पायानं येणार, आणखी काय पाहिजे?

दाजींना नको होतं ते बसणं. त्यांनी रेल्वेच्या एका गार्डाकडून जुनी, दणकट सायकल घेतली, खळ्यात पडत-झडत शिकले, आणि मला निरोप धाडला. सायकलीनं काच सांभाळली तर फेरी, नाहीतर दिवाळीपासून दुकान. चाकाचं काय ते तुम्ही बघा.

आता चाकाचं काय ते. काळ्या रानात साधा ब्रेक, रिमला रबराचे गट्टू घासणारा, टिकत नाही. चिखल बसला की तो पुढं जाऊ देत नाही, आणि ओला झाला की थांबू देत नाही. म्हणून मी जी दोन चाकं आणली होती त्यांचं सगळं पोटात होतं. दोन्हींच्या हबात, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीत, तीन तीन गिअर. बाहेर काही लोंबत नाही, धोतर अडकायची भीती नाही. फरक होता तो ब्रेकचा. पहिल्या चाकाला पायडल उलटं दाबलं की आतल्या आत ब्रेक लागायचा. तार नाही, दांडा नाही, काही नाही. हा माझा लाडका. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी त्याचंच गुणगान ऐकवतो, इतकं की काही जण नुसत्या कंटाळ्यानं तो घेऊन जातात. दुसऱ्या चाकाला हबाच्या बाजूला एक डबा होता. हँडलवरची मूठ ओढली की तारेनं त्या डब्यात आतून ब्रेक आवळायचा. हे चाक वजनदार आणि दिसायला बेढब, दुकानात बरीच वर्षं खिळ्याला टांगून होतं. निघताना उगाच उचललं. एकाला सोबत दुसरं असावं म्हणून.

पूर्णा

पूर्ण्याला उतरलो तो करोडगिरीच्या मुन्शीनं, म्हणजे निजामसरकारच्या जकातीच्या माणसानं, मला बाजूला घेतलं. दशम्यांकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"इसके पेट में क्या है मियाँ?" त्यानं हबावर बोट वाजवून विचारलं.

"गिअर आहेत."

"निकालके बताओ."

मी त्याला हात जोडून सांगितलं, की इथं फलाटावर हे उघडलं तर आतल्या बारीक पोलादी गोळ्या रुळांवर जातील आणि दिवाळीपर्यंत मी इथंच वेचत बसेन. त्यानं विचार केला. मग चाक उभं धरून हळूच फिरवलं. आतून टिक टिक टिक आवाज आला. त्याचा चेहराच पालटला. त्यानं हबाला कान लावला, पुन्हा फिरवलं, एका हमालाला बोलावून त्याचा कान लावला. हमालानं आणखी एकाला बोलावलं. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर चिठ्ठी फाडून माझ्या हातात देत मुन्शी म्हणाला, "जाओ. घडी बंद मत पडने देना." पुण्यात जकातनाक्यावर माणूस चोर ठरूनच सुटतो. इथं मला कुणी चोर समजलं नाही, याचं मला भारी अप्रूप वाटलं.

स्टेशनाबाहेर दाजी शेजाऱ्याचा छकडा घेऊन उभे होते. किडकिडीत अंगलट, पांढऱ्या मिशा आणि हात मात्र लोण्यासारखे मऊ. कासाराला हात राखावे लागतात, खरखरीत बोटं बाईच्या मनगटाला चालत नाहीत. त्यांनी माझी विचारपूस करायच्या आधी चाक उचलून पाहिलं.

"चिमणीला तीन चाली व्हत्या," ते म्हणाले. "साधी चाल, दुडकी आन् भरधाव. ह्याला किती हायेत?"

"तीनच," मी म्हणालो.

"मग जमंल," दाजी म्हणाले, आणि छकडा हाकला.

ताडकळस

आक्का दारातच उभी होती. लग्न होऊन गेली तेव्हा पेठेतलं बोलणारी ही पोरगी. आता म्हणाली, "आरं किती रोडावलास रे! तिकडं जेवायला घालतेत का न्हाई?" मी तिला चिडवलं, की आक्का, तू आता पुरी मोगलाईतली झालीस. ती म्हणाली, "मग काय तुज्यासारखं नाकात बोलू?"

जेवण म्हणजे ताटाबाहेर जाणारी ज्वारीची भाकरी, अंबाडीची आंबट भाजी, तीवर लसणाची करडईच्या तेलातली फोडणी. आमच्याकडं भाकरीबरोबर तेल मागितलं तर यजमानीण भांड्याकडं बघते. इथं आक्कानं तेलाची वाटीच पुढं ठेवली. करडईच्या तेलाचा तो उग्र, भाजका वास पुढं आठवडाभर माझ्या कपड्यांना येत होता, आणि पुण्यात परतल्यावर गेला तेव्हा वाईट वाटलं.

दुपारी मी लाडकं चाक बसवलं. खळ्यात दाजींना उलट्या पायाचा ब्रेक शिकवला. त्यांनी तो चटकन उचलला. गिअरच्या बाबतीत तर त्यांनी मला थक्क केलं. असला गिअर बदलताना पायांचा जोर क्षणभर काढून घ्यावा लागतो, नाहीतर आत खडखडतं. पुण्यात शिकल्यासवरल्या माणसांना हे सांगून माझा घसा बसतो. दाजी बदलताना आपोआप खोगिरावरून, चुकलो, सीटवरून बोटभर उठायचे, आणि गिअर अलगद पडायचा. मी आक्काला म्हणालो, "दाजी जन्मजात सायकलवाले आहेत." आक्कानं ज्वारी पाखडायला घेतली. तिला खरं म्हणजे दुकान हवं होतं.

संध्याकाळी शेतकऱ्याघरच्या सखूबाई आल्या. त्यांची लेक गोदा ओढ्यापलीकडं धानोऱ्याला दिलेली. तिला सातवा महिना, दोन-तीन दिवसांवर डोहाळजेवण. सखूबाई स्वतः जाणार नव्हत्या. लेकीला मूल होईपर्यंत आई तिच्या घरचं पाणी पीत नाही, अशी रीत. आमच्याकडंही ही रीत होती, पण आता बायका गाडीत बसून जातात आणि पाणी सोबत नेतात. सखूबाईंनी हिरवा चुडा निवडायला घेतला. एकेक बांगडी मावळतीकडं धरून बघायची, नखानं वाजवायची, मग बाजूला ठेवायची. अंधार पडेतो त्या निवडत होत्या.

"उद्याच्याला पोचवतो," दाजी म्हणाले. पहिली फेरी सायकलीवरून, आणि पहिला चुडा गोदाचा, असं ठरलं.

धानोऱ्याचा ओढा

चिमणीचे दोन पेटारे जाऊन कॅरिअरवर एकच पेटारा आला होता. दाजींनी तळाला कडबा, वर जुनी लुगडी घालून बांगड्यांच्या माळा रचल्या. मी शाळामास्तरांची सायकल मागून घेतली होती. तिला रिमवरचा ब्रेक. गावाबाहेर काळं रान लागलं आणि फर्लांगभरातच तिनं मान टाकली. चिखल मडगार्डात असा दाटला की चाक फिरेना. मी काटकीनं उकरायचो, दहा पावलं जायचो, पुन्हा उकरायचो. शेवटी सायकल खांद्यावर घेतली. कापूस वेचणाऱ्या बायकांनी ओरडून विचारलं, "पाव्हणं, ती तुमाला नेती का तुमी तिला?" दाजी पुढं डुलत डुलत चालले होते. माझं चाक काळ्या चिखलातही ऐटीत फिरत होतं. खांद्यावर सायकल घेऊनही मला गर्व वाटत होता.

ओढ्याचा उतार दाजी हळूहळू, उलटा पाय दाबत, नेमके मी शिकवल्याप्रमाणे उतरले. घोट्याएवढं पाणी होतं. पलीकडं उभा चढ. पाण्याच्या मध्यावर सायकल पोचली आणि एकाएकी थांबली. कुणी मागून धरावी तशी. क्षणभर उभी राहिली, मग दाजींसकट पेटाऱ्याच्या बाजूला आडवी झाली.

मी काठावरून धावलो. दाजी पाण्यात बसले होते, पेटारा छातीशी धरून. त्यांनी झाकण उघडलं, आत हात घातला आणि सावकाश म्हणाले, "वाढल्या." कासाराच्या धंद्यात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. गोदाचा चुडा सगळ्यात वर ठेवला होता, तोच आधी गेला.

त्यांना फार लागलं नव्हतं. मी म्हणालो, चला घरी. ते उठेनात. पाण्यात सांडलेला एकेक तुकडा ते वेचत होते. "गुरं पाणी प्यायला उतरतेत," म्हणाले, "बायका घागरी घिऊन येतेत. कुणाच्या पायात गेलं तर?" मीही खाली बसलो. हिरव्या काचा वाहत्या पाण्यात दिसत नाहीत, बोटांनीच शोधाव्या लागतात. आम्ही दोघं बराच वेळ शोधत होतो आणि एकमेकांकडं बघत नव्हतो.

घरी येऊन मी आक्काच्या परातीत हब उघडला. चिखल गेला असेल, एखादी गोळी अडकली असेल. काही नव्हतं. सगळं स्वच्छ, तेलकट, जागच्या जागी. मी पुन्हा बसवलं, फिरवलं, दाबलं. चाक मला खोटं ठरवत होतं.

"तुमच्या चाकाचा कसूर न्हाई," दाजी म्हणाले. "माजंच वय झालं. पूर्ण्याला कळवून टाकू." मग ते सखूबाईंकडं गेले. तिथून आले ते नुसते ओट्यावर बसून राहिले. सखूबाई रागावल्या नव्हत्या. इडापिडा गेली म्हणाल्या आणि पुन्हा चुडा निवडायला बसल्या, पण या वेळी एकेक बांगडी दोनदोनदा वाजवून बघत होत्या, असं दाजींनी सांगितलं.

मला वाटलं, आक्काला आता बरं वाटेल. चुलीपाशी ती मला हळूच म्हणाली, "दुकान मलाच पायजे व्हतं रे. पण हे आसलं तोंड घिऊन दुकानात बसले तर कोण घील बांगड्या? तू कायतरी कर." मी काय करणार होतो?

बाजार

दुसऱ्या दिवशी ताडकळसचा बाजार. मिरच्यांचे ढीग, अंबाडीचे दोर, घोंगड्या. माझं मन कशात नव्हतं. बाजाराच्या कडेला एक धनगर मेंढरांसोबत एक तांबूस घोडी घेऊन उभा होता. दाजी तिच्याकडं असे ओढले गेले की मला बोलायलाही सवड मिळाली नाही.

"बगा तर बसून, कासारमामा," धनगर म्हणाला. "लय गरीब हाय. लेकरावाणी जायली बगा."

दाजी नको नको म्हणत होते आणि बसतही होते. घोडीवर बसल्यावर त्यांचं वय दिसेना. डाव्या हातात लगाम, उजवा हात मागं, नसलेल्या पेटाऱ्यावर. घोडी संथ चालली होती. त्यांनी तिच्या बरगडीला दोन्ही टाचा मागं मारल्या. घोडीनं दुडकी धरली. चाल बदलताना ते बोटभर उठले. पुन्हा टाच, आणखी वेग. मग डावा हात छातीकडं ओढला, घोडी उभी राहिली.

मी भर बाजारात मोठ्यानं हसलो. मेंढरंसुद्धा वळून बघायला लागली. दाजी उतरले ते चिडूनच.

"काय झालं दात काढायला?"

"दाजी, काल ओढ्यात पाण्याच्या मधे काय केलं तुम्ही?"

"काय करणार? चढ दिसला. टाच मारली."

घोडी टाच मारली की पळते. माझ्या लाडक्या चाकाला टाच मारली, की पायडल उलटं दाबलं जातं, आणि ब्रेक लागतो. जिथं जिथं दाजींना वेग हवा होता, तिथं तिथं मी त्यांना थांबवत होतो. खळं सपाट होतं, तिथं घाई कशाचीच नव्हती, म्हणून कळलं नाही. इतक्या वर्षांची टाच एका दुपारीत माझ्या सांगण्यानं विसरेल असं मला वाटलं होतं! मी त्यांना हे सगळं धनगरासमोरच सांगितलं. धनगराला सगळं कळलं नसावं, पण त्यानं मान डोलावली, आणि म्हणाला, "मग घोडीच घ्या की."

दाजींनी तांबड्या घोडीच्या कपाळावरून हात फिरवला. "चांगली हाय," ते म्हणाले. "पर मला आता दुसरं जनावर नगं. दर दारात लोकं चिमणीचं नाव काढतील, आन् ही ऐकत उभी ऱ्हाईल. तिला कामून असं करावं? सायकलीला तरी वाईट वाटायचं न्हाई."

मी त्यांचा हात धरून त्यांना घरी ओढत नेलं.

आक्कानं परात पुन्हा मांडली. मी लाडकं चाक काढलं आणि खिळ्यावरचं बेढब चाक बसवलं. या चाकाला पाय कितीही मागं मारा, पायडलं नुसती मागं फिरतात, सायकल आपल्या वाटेनं जाते. थांबायचं ते हातानं. ब्रेकची मूठ मी हँडलच्या खाली अशी बसवली, की बोटांनी आपल्याकडं ओढावी. एरवी मी मागच्या ब्रेकची मूठ कधी कुठल्या हाताला बसवायची याचा विचारसुद्धा करत नाही. त्या दिवशी दाजींना विचारलं, "लगाम नेहमी डाव्या हातात?"

"मग? उजवा पेटाऱ्यावर लागतो की."

मूठ डावीकडं गेली. गिअरचा खटका उजवीकडं. आक्का बघत होती. म्हणाली, "ह्यो चुडा पायी न्या. आजून परीक्षा कामून घ्यायची?"

"चुडा पायी जाईल," दाजी म्हणाले. "फेरी कशी जाईल?"

आक्का आत गेली. बाहेर आली ती हातात एक जुनं मऊ लुगडं घेऊन. स्वतःच्या हातानं तिनं ते पेटाऱ्यात चुड्याभोवती गुंडाळलं.

पुन्हा ओढा

शाळामास्तरांच्या सायकलीचा नाद मी सोडला आणि चालतच निघालो. काळी माती तळव्यांना चिकटून मी वाटभर उंच होत गेलो.

उतारावर दाजींनी डावा हात ओढला. सायकल मंद झाली. पेटारा हलला नाही. पाण्यात शिरले. मध्यावर चढ दिसला, आणि दाजींच्या दोन्ही टाचा मागं गेल्या. मी डोळे मिटले.

काही वाजलं नाही. उघडले तेव्हा पायडलं गरकन मागं फिरून पुन्हा पुढं आली होती, दाजी बोटभर उठले होते, सगळ्यात हलका गिअर, म्हणजे साधी चाल, पडली होती, आणि ते पलीकडचा चढ चढत होते. माथ्यावर पोचून त्यांनी डावा हात छातीकडं ओढला आणि मागं वळून पाहिलं. मी पाण्यात उभा राहून टाळ्या वाजवत होतो. त्यांना तसं करायला हात मोकळे नव्हते, म्हणून ते फक्त हसले.

धानोरा

वेशीशी दाजी उतरले. गावात ते चिमणीवरही कधी बसून जात नसत, सायकलही त्यांनी हाती धरूनच नेली. गोदाच्या ओट्यावर बायका जमल्या. गोदा फार तर सतरा-अठरा वर्षांची, थकलेली, डोळे वेशीकडं लावून बसलेली.

"आई काय मनाली, कासारमामा?" तिनं बसताबसताच विचारलं.

"सांगतो. हात दे आदी."

दाजींच्या कामाची एक रीत मला तिथं कळली. बांगडी बोटांवरून सहज जाते, अडते ती अंगठ्याच्या सांध्याशी, आणि दुखते तिथंच. दाजी माहेरचा निरोप त्या जागेसाठी राखून ठेवत. बांगडी सांध्याशी आली की ते म्हणायचे, "आई मनाली, तुजी कपिला गाभण हाय," आणि गोदा "खरंच?" म्हणेपर्यंत बांगडी मनगटात. "दारातल्या शेवग्याला फुलं आलीत." दुसरी बांगडी. "आई मनाली, लेकराला घिऊन यिशील तवा पोटभर पाणी पिती मी तुज्या हातचं." इथं गोदा रडायला लागली, आणि तिसरीही गेली. हात भरेपर्यंत माहेरही सांगून संपलं. मी माझ्या दुकानात सायकली दुरुस्त करताना लोकांना गप्प बसायला सांगतो, ते आठवलं.

चुडा भरून झाला. तेवढ्यात आतून गोदाची सासू, काशीबाई, बाहेर आली. वाकलेली, नजर अधू. तिच्या ओंजळीत ज्वारी होती. दर फेरीला ती चिमणीला ओंजळभर ज्वारी घालत असे. ती थेट जिथं चिमणी बांधत तिथं गेली आणि सायकलीपुढं उभी राहिली.

"आन् चिमणी कुटं हाय?"

दाजी म्हणाले, "गेली, काशीबाई. सरावनात."

म्हातारी ओंजळ तशीच धरून उभी राहिली. मग तिनं ज्वारी पदरात ओतली, पुढं होऊन सायकलीच्या सीटवर हात ठेवला, हँडलवर ठेवला, चाकावर ठेवला.

"मंग ही काय खाती?"

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "तेल पिते. थेंबभर."

म्हातारी आत गेली आणि करडईच्या तेलाची वाटी घेऊन आली. आता या हबात घालायचं तेल पातळ, मशीनचं. करडईचं तेल आत गेलं तर काही दिवसांत चिक्कीसारखं घट्ट होतं, गोळ्या बसतात, गिअर पडत नाही. दुकानात कुणी असं तेल घालून सायकल आणली तर मी त्याला सर्वांदेखत फैलावर घेतो. मी खाली बसलो, हबावरचं बारीक झाकण बाजूला सारलं आणि म्हणालो, "इथं घाला, आजी."

तिनं वाटीत बोट बुडवलं. थेंब नेमका भोकात पडला. मग तेलाचं बोट तिनं सीटवर पुसलं, थोपटलं, आणि चिमणीला म्हणायची तसंच, अगदी लेकीला बजावल्यासारखं म्हणाली, "जा बाई. जपून ने गं ह्यांला."

दाजी पेटाऱ्याचं झाकण लावत होते. ते झाकण त्यांना बराच वेळ लागेना.

वेशीबाहेर पडल्यावर त्यांनी विचारलं, "पाव्हणं, ते तेल निघंल का?"

"घरी गेलो की उघडून रॉकेलनं धुतो. तुम्हालाही शिकवून ठेवतो."

"शिकवाच," दाजी म्हणाले. "तिच्या देखत घालून घ्यावं लागंल. म्हंजी दर फेरीला धुवावं लागंल."

दर फेरीला, असं ते म्हणाले. पूर्ण्याच्या दुकानाचं मी पुन्हा विचारलं नाही. दाजी सायकलीवर बसले, टाच मारली, आणि ओढ्याच्या दिशेनं दुडकी चालीनं निघाले. आक्काला काय सांगायचं ते ठरवत मी मागून चालत गेलो.